दुसरी प्रत

इ. स. १६२८ साली, म्हणजे शके १५५० मध्ये, याच देवगावात आऊजी कुलकर्णी यांच्या घरी एक मुलगी जन्मास आली. बाप गावचा कुलकर्णी. कोणाची जमीन किती, सारा किती, वसूल काय, बाकी काय, हे लिहून ठेवणे हा त्याचा वतनी व्यवसाय. गावाची सारी स्मृती त्या काळी कुलकर्ण्याच्या दप्तरात, रुमालात बांधून ठेवलेली असे. त्या दप्तरात मुलीबाळींची सुखदुःखे लिहिण्याची रीत नव्हती आणि तसे करण्याचे कोणास कारणही नव्हते. परंतु काळाचा न्याय पाहा. आऊजींनी मांडलेले हिशेब आज कोणी वाचीत नाही, आणि त्यांच्या मुलीने सांगितलेली स्वतःच्या जन्माची, लग्नाची, छळाची आणि भक्तीची हकीकत मात्र आपण आजही वाचतो. ही मुलगी म्हणजे संत बहिणाबाई. जवळच्या शिऊरच्या घराण्यात तिला दिली म्हणून ती शिऊरकर झाली. परंतु माहेर आपल्या देवगाव रंगारीचे, हे येथील लहान मूलही जाणते.

आता विचार करण्याजोगी गोष्ट ही की, हे अभंग टिकले कसे? बहिणाबाईंच्या कुटुंबाला भाऊबंदकीच्या कलहात घर सोडावे लागले. पंढरपूर, शिखर शिंगणापूर, रहिमतपूर, कोल्हापूर, आणि मग देहू, असा त्यांचा प्रवास झाला. अशा फिरस्त्या संसारात कागदाची काय शाश्वती? तरीही १७०० साली त्यांनी देह ठेवला तेव्हा त्यांची वाणी त्यांच्याबरोबर गेली नाही. पुत्र विठोबाला त्यांनी अंतकाळी पूर्वजन्मांच्या कथा सांगितल्या, त्याही अभंगांत उतरल्या. शिऊरला बाड जपले गेले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धोंडो विनायक उमरखाने यांनी ते छापून काढले आणि १९२९ साली जस्टिन अॅबट यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. म्हणजे मुखातून कागदावर, कागदावरून छापखान्यात आणि तेथून परभाषेत, अशी ती वाणी एका घरातून दुसऱ्या घरात जात राहिली. ती एकाच ठिकाणी राहिली असती, तर एखादा पावसाळा किंवा एखादी वाळवी तिला पुरेशी झाली असती.

आजचा आमचा विषय स्मार्टफोनमधील खाजगी माहितीची दुसरी प्रत, ज्याला सर्वत्र 'बॅकअप' म्हणतात, हा आहे. विषयाचे नाव ऐकून कित्येकांच्या मनात असे आले असेल की, हे काम बसस्थानकाजवळच्या मोबाईल दुरुस्ती करणाऱ्या पोराचे आहे; इतिहासाच्या व्यासपीठावर ते कशाला? आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. यंत्र नवे आहे हे खरे, परंतु त्यातून उभा राहिलेला प्रश्न महाराष्ट्रात निदान सातशे वर्षांचा जुना आहे. आपल्या पूर्वजांनी तो प्रश्न कधी सोडविला, कधी सोडविण्यात ते चुकले आणि त्या चुकीची जबर किंमतही त्यांनी मोजली. त्यांच्या अनुभवाचा उपयोग आपण करून घेतला नाही तर तो दोष यंत्राचा नव्हे.

प्रथम या प्रश्नाचे मोल लक्षात घेतले पाहिजे. पूर्वी दप्तर कोणाकडे असे? कुलकर्ण्याकडे, देशपांड्याकडे, देवस्थानाकडे, सावकाराकडे. शेतमजुराचे दप्तर नव्हते. त्याच्या आजीचा चेहरा कसा होता हे त्याच्या नातवाला कळण्याचा मार्ग नव्हता. फार तर एखाद्या खतावर उमटलेला निशाणी-अंगठा एवढीच त्या माणसाची जगातील नोंद. आज याच गावात कापूस वेचावयास जाणाऱ्या बाईच्या पदराला बांधलेल्या फोनमध्ये लेकीच्या हळदीची छायाचित्रे आहेत, पुण्याला कामास गेलेल्या मुलाने पाठविलेले निरोप आहेत, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या सासऱ्याचा आवाज आहे, शिवाय सातबाऱ्याचा फोटो, दवाखान्याचे कागद आणि बचत गटाचा हिशेब आहे. सामान्य माणसाच्या घरी दप्तर आले, ही आमच्या मते गेल्या पंधरा-वीस वर्षांतील एक मोठी घटना होय. आणि दुर्दैव असे की, इतके नाजूक दप्तर यापूर्वी कोणी बाळगले नव्हते. कुलकर्ण्याचा रुमाल विहिरीत पडला तर वाळवून पुन्हा वाचता येई. फोन विहिरीत पडला, गर्दीच्या गाडीत खिशातून गेला, किंवा नुसता एका सकाळी उजळेनासा झाला, की सारे एका क्षणात संपते.

जुन्या राज्यकर्त्यांना या धोक्याची जाणीव होती. शिवकालीन आणि त्याआधीच्याही सनदा-पत्रांच्या शेवटी पुष्कळदा एक हुकूम आढळतो. त्याचा आशय असा की, या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घेऊन ती दप्तरी ठेवावी आणि अस्सल पत्र हक्कदाराजवळ भोगवट्यास परत द्यावे. वरवर पाहता हा एक कारकुनी शिरस्ता वाटतो. परंतु त्यात केवढा धोरणीपणा आहे! अस्सल एका हाती, नक्कल दुसऱ्या हाती; एक वतनदाराच्या वाड्यात, दुसरी सरकारी दप्तरात. वाडा जळाला तर दप्तर साक्ष देईल. दप्तर लुटले गेले तर वाडा साक्ष देईल. दोघांपैकी एकाने लबाडी केली तर दुसऱ्याची प्रत ती उघडी पाडील. दुसरी प्रत पहिलीच्या शेजारी ठेवू नये, हे शास्त्र आमच्या कारकुनांना तोंडपाठ होते. आणि आज आपण काय करतो? फोनमधील छायाचित्रांची प्रत त्याच फोनमधील मेमरी कार्डावर घेतो आणि निश्चिंत होतो. चोर फोन नेताना कार्ड काढून ठेवून जात नाही.

तुकोबांच्या वह्यांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. वह्या इंद्रायणीत बुडविल्या आणि तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या. येथे अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट ही की, या प्रसंगाचा जुना उल्लेख बहिणाबाईंच्याच अभंगांत आहे, आणि बहिणाबाई तुकोबांच्या समकालीन होत. भाविक या घटनेकडे ईश्वरी कृपा म्हणून पाहतात. त्या श्रद्धेला धक्का लावण्याचे आम्हास प्रयोजन नाही. परंतु तिच्या जोडीला दुसरी एक गोष्ट इतिहासात स्पष्ट दिसते. तुकोबांचे अभंग तुकोबांच्याच वह्यांत अडकून पडलेले नव्हते. टाळकऱ्यांना ते पाठ होते. संताजी जगनाडे यांच्यासारखे शिष्य ते स्वतः लिहून घेत होते. संताजींच्या वह्यांवरून वि. ल. भावे यांनी गेल्या शतकात गाथा छापली, हे प्रसिद्धच आहे. नदीत एक वही बुडविता येते. चाकणच्या तेल्याच्या घरातील वही आणि शंभर वारकऱ्यांचे कंठ एका नदीत बुडविता येत नाहीत.

याच्या उलट उदाहरण महानुभावांचे आहे, आणि ते आपल्या मुलखाशी निगडित असल्यामुळे जरा विस्ताराने सांगतो. श्रीचक्रधरांचे वास्तव्य पैठणास झाले, वेरूळासही झाले. ते उत्तरेस निघून गेल्यावर म्हाइंभट्टाने त्यांच्या आठवणी गोळा करण्याचे काम हाती घेतले. ज्याने जो प्रसंग पाहिला त्याच्याकडे जावयाचे, विचारावयाचे, नागदेवाचार्यांकडून पडताळून घ्यावयाचे आणि मग लिहावयाचे, अशी त्याची पद्धत होती. मराठी गद्यातील पहिला मोठा ग्रंथ, लीळाचरित्र, तेराव्या शतकाच्या अखेरच्या काळात अशा रीतीने सिद्ध झाला. पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी देवगिरीच्या राज्यावर खिलजींच्या फौजा चालून आल्या. त्या धामधुमीत पंथाची मंडळी ग्रंथ घेऊन वाट फुटेल तिकडे निघाली, आणि म्हाइंभट्टाची मूळ प्रत गेली.

मग काय झाले? पंथातील ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांच्या आठवणीवरून तो पुन्हा लिहून काढावा लागला. हिराइसा नावाच्या स्त्रीची स्मरणशक्ती विलक्षण होती. तिच्या पाठावरून एक परंपरा निघाली. इतरांनी आपापल्या आठवणीप्रमाणे आपापले पाठ सिद्ध केले. ग्रंथ वाचला, परंतु पाठभेद शिरले. एका पोथीत एक लीळा आहे, दुसरीत नाही. एकीत शब्द असा, दुसरीत तसा. कोणता शब्द म्हाइंभट्टाच्या हातचा, हा प्रश्न विद्वानांना आजतागायत सोडवावा लागतो. डॉ. वि. भि. कोलते यांनी १९७८ साली आपली आवृत्ती प्रसिद्ध केली, तिलाही अनेक पोथ्या समोर ठेवूनच वाट काढावी लागली. मूळ प्रतीच्या दोन नकला दोन दूरच्या गावी वेळेवर गेल्या असत्या, तर पुढील कित्येक पिढ्यांचे श्रम वाचले असते. ज्यांच्या फोनमधून सारे गेले आहे त्यांची अवस्था आजही अशीच होते. ते नातेवाइकांना फोन करतात, 'त्या लग्नातले फोटो तुमच्याकडे आहेत का?' म्हणून विचारतात, इकडून चार, तिकडून दहा असे जमवितात. काही मिळते, पण जे एकाच ठिकाणी होते ते मिळत नाही. आणि प्रत्येकाच्या घरी हिराइसा नसते.

महानुभावांच्या इतिहासातून आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. पुढे त्यांनी आपले ग्रंथ सकळी, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिण्यास प्रारंभ केला. ग्रंथ परक्याच्या हाती पडला तरी अर्थ हाती पडू नये, हा त्यामागील हेतूंपैकी एक होता. हेतू सफल झाला, इतका की पंथाबाहेरच्या मराठी माणसाला हे भांडार शतकानुशतके ठाऊकच नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाडे यांनी सकळी लिपीची उकल प्रसिद्ध केली तेव्हा कोठे मराठी वाङ्मयाचा एक संपूर्ण दालनाएवढा भाग उजेडात आला. पंथात लिपी जाणणारे होते म्हणून कुलुपाची किल्ली शिल्लक राहिली. तीही नाहीशी झाली असती तर पोथ्या सुरक्षित राहूनही मुक्याच राहिल्या असत्या.

किल्लीची ही गोष्ट मराठवाड्याला नवीन नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण निजामी अमलातून मुक्त झालो. परंतु त्या अमलातील कागद उर्दूत आणि त्याआधीचे पुष्कळसे मोडीत राहिले. नव्या पिढ्यांनी या दोन्ही लिप्या सोडून दिल्या. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीकडे मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी तपासण्याचे काम आले, तेव्हा गावोगावची कपाटे उघडली गेली, हैदराबादच्या दप्तरापर्यंत जावे लागले, आणि मोडी व उर्दू वाचणारी माणसे शोधीत फिरण्याची पाळी आली. आरक्षणाच्या प्रश्नाच्या गुणदोषांत आम्ही येथे शिरत नाही. आमचे सांगणे एवढेच की, पणजोबाच्या नावापुढील एका शब्दावर पणतूचे शिक्षण अवलंबून राहू शकते, आणि तो शब्द कोणत्या कपाटात आहे व कोणाला वाचता येतो यावर सारे ठरते. जुना कागद केव्हा उपयोगी पडेल हे तो लिहिणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.

तिसरा धडा पैठणचा आहे. ज्ञानेश्वरी लिहिली गेल्यावर तीनशे वर्षांत तिच्या नकला गावोगाव झाल्या. प्रतींची वाण नव्हती. परंतु नक्कल करणाऱ्यांच्या हातून शब्द बदलले, कोणी आपल्या पदरच्या ओव्या घातल्या. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, निरनिराळ्या प्रती जमवून, ताडून पाहून ग्रंथ शुद्ध केला आणि यापुढे यात कोणी आपली ओवी मिसळू नये, अशी ताकीद दिली. दुसरी प्रत आहे एवढ्याने भागत नाही. ती बरोबर आहे की नाही हे पाहणारा कोणी हवा. आपल्या गावाच्या नावातच रंगारी आहे. रंग पक्का की कच्चा हे दुकानात कळत नाही, पहिल्या धुण्यात कळते. बॅकअपचेही तसेच आहे. 'आमचा बॅकअप चालू आहे' असे म्हणणाऱ्या दहा जणांना विचारा की, त्यातून एखादे छायाचित्र कधी परत काढून पाहिले आहे काय? बहुतेक गप्प बसतील.

हे सर्व जुने झाले, आता सरकारे आणि कारखाने शहाणे झाले आहेत, असे कोणास वाटत असेल तर दोन अलीकडची उदाहरणे देतो. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यापासून ती वर चढत गेली, पाच माणसे प्राणास मुकली, आणि राज्याच्या कारभाराच्या असंख्य फायली जळाल्या. त्या पुन्हा उभ्या करण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतील कचेऱ्यांत असलेल्या प्रतींचा आधार घ्यावा लागला. म्हणजे तालीक करून ठेवण्याचा जुना शिरस्ता शेवटी कामी आला. दुसरे उदाहरण दक्षिण कोरियाचे. यंत्रविद्येत त्या देशाचा हात धरणारे थोडेच. तेथे देजॉन शहरातील सरकारी माहिती केंद्राला २६ सप्टेंबर २०२५ रोजी आग लागली. सरकारी नोकरांची कामाची कागदपत्रे ज्या साठ्यात ठेवली जात, त्यातील ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा, म्हणून त्याची बाहेर प्रत ठेवलेली नव्हती. म्हाइंभट्टाची पोथी आणि कोरियाचा साठा यांत सातशे वर्षांचे अंतर आहे. चूक मात्र एकच.

आता आपल्या खिशातील दप्तराकडे वळू. या बाबतीत पहिली गोष्ट समजून घ्यावयाची ती ही की, 'जुळवणी' आणि 'प्रत' या दोन भिन्न गोष्टी आहेत. फोनमधील छायाचित्रे आपोआप गूगलच्या साठ्यात जातात, म्हणून लोक निर्धास्त असतात. परंतु ही बहुतेक व्यवस्था आरशासारखी आहे. फोनमधील गूगल फोटोजमधून चित्र पुसले की ते साठ्यातूनही जाते. साठ दिवस कचरापेटीत पडून राहते आणि मग कायमचे नाहीसे होते. नातवाने खेळता खेळता पुसलेले छायाचित्र आरशातूनही पुसले जाते. तेव्हा आरशाखेरीज एक खरीखुरी प्रत, वर्षातून एकदोनदा काढून पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर, फोनपासून वेगळी ठेवली पाहिजे. जगातील जाणकार एक साधा हिशेब सांगतात : एकूण तीन प्रती, दोन वेगवेगळ्या साधनांवर, त्यांतील एक वेगळ्या ठिकाणी. हा हिशेब एका छायाचित्रकाराने रूढ केला. पण तालीक लिहिणाऱ्या कारकुनाला तो सांगितला असता तर त्यास त्यात नवल वाटले नसते.

दुसरी गोष्ट जागेची. गूगलचे खाते फुकट देते ती जागा १५ गिगाबाइट. त्यातच पत्रे, छायाचित्रे आणि कागद. २०२१ सालच्या जूनपर्यंत छायाचित्रांना अमर्याद जागा फुकट मिळत असे. ती सवलत बंद झाली. व्हॉट्सअॅपच्या संभाषणांची प्रतही अँड्रॉइड फोनवर आता याच जागेत मोजली जाते. परिणाम असा होतो की, सुप्रभाताची चित्रे आणि निवडणुकीच्या फिती यांनी कोठार भरते, आणि ज्या दिवशी ते भरते त्या दिवसापासून नवी प्रत घेणे बंद पडते. फोन एक लहानशी सूचना देतो. ती वाचण्याची सवय आपल्याला नाही. शिवाय दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल बंद करू शकते, असा नियम २०२३ पासून लागू झाला आहे. वारलेल्या माणसाच्या खात्याबाबत घरच्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

येथे निवडीचा प्रश्न येतो. सर्वच जपावयाचे म्हटले तर काहीच जपले जात नाही. आमच्या मते घरातील माहितीचे दोन ढीग करावेत. एक, जे पुन्हा मिळू शकते ते. आधार कार्ड पुन्हा मिळते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारी संकेतस्थळावरून पुन्हा काढता येतो. गुणपत्रिकेची दुसरी प्रत बोर्डाकडे मागता येते. बँकेतील पैसा फोनमध्ये नसून बँकेच्या वहीत असतो. हेलपाटे पडतात, पण काम होते. दुसरा ढीग, जे पुन्हा मिळणार नाही ते. आईचा आवाज, मुलाचे पहिले पाऊल, बांध कोरला गेला तेव्हा काढलेले छायाचित्र, उसनवारीचा कबुलीजबाब दिलेला निरोप. पहिल्या ढिगासाठी काळजी करावी. दुसऱ्यासाठी मात्र आजच्या आज हालचाल करावी. बहुतेक घरांत हा दुसरा ढीग आश्चर्य वाटावे इतका लहान निघतो.

तिसरी गोष्ट किल्लीची. सकळी लिपीचा धडा येथे लागू पडतो. व्हॉट्सअॅपने २०२१ पासून बॅकअपला कुलूप लावण्याची सोय केली आहे. कुलूप लावावे, ते चांगले. पण त्याचा परवलीचा शब्द विसरलात तर ती कंपनीही तुम्हास उघडून देऊ शकत नाही. गूगलच्या खात्याचेही तसेच. नव्या फोनवर खाते उघडावयाचे तर ओटीपी येणार जुन्या नंबरावर, आणि तो नंबर असलेले सिम गेलेले फोनबरोबर! यासाठी खाते दहा राखीव संकेतांक देते. ते कागदावर लिहून ट्रंकेत ठेवावेत. कागद या कामी अजूनही उत्तम. दौलताबाद आणि खुलताबाद यांच्या दरम्यान कागजीपुरा आहे. तुघलकाने १३२७ साली राजधानी देवगिरीस आणली त्या काळापासून तेथे हाताने कागद करण्याची परंपरा सांगितली जाते. त्या गावच्या शेजाऱ्यांनी कागदाला कमी लेखू नये. मात्र बँकेचा पिन आणि घराच्या किल्ल्या एकाच पुडक्यात बांधू नयेत, एवढे तारतम्य हवे.

आणि किल्ली एकाच्याच डोक्यात असू नये. आमच्या पाहण्यात असे पुष्कळ येते की, घरातील तीन फोनांची खाती मुलाने उघडून दिलेली असतात. तो कोठल्या ईमेलने, कोणत्या शब्दाने, हे त्यासच ठाऊक. मुलगा पुण्यास जातो आणि आई फोन बंद पडल्यावर दुकानदारापुढे हात जोडून उभी राहते. बायकांच्या फोनचे खाते नवऱ्याच्या नावे, सिम दिराच्या नावे, अशीही उदाहरणे काही कमी नाहीत. दप्तर तिचे आणि किल्ली दुसऱ्याची, हे ठीक नव्हे. आपल्या माणसाची स्मृती तिला पुन्हा पाहावयाची असेल तर त्यासाठी दुसऱ्याच्या मर्जीची वाट तिने का पाहावी?

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. आपली खाजगी चित्रे सातासमुद्रापलीकडील कंपनीच्या साठ्यात ठेवावयाची, हा परक्याच्या घरी सोने ठेवण्याचा प्रकार नव्हे काय? आहे. म्हणूनच आम्ही असे सांगत नाही की सारे तेथेच ठेवा. जे दाखवावयाचे नाही ते घरच्या डिस्कवर, कुलपात ठेवावे. परंतु परक्याचा विश्वास नाही म्हणून दुसरी प्रतच नाही, हा मार्ग आपल्या पूर्वजांनी धरला नाही. त्यांनी दोन विश्वासू हात शोधले. आपणही शोधावेत. एक डिस्क आपल्या ट्रंकेत, दुसरी शिऊरच्या बहिणीकडे किंवा संभाजीनगरच्या भावाकडे, आणि नेमकी निवडक चित्रे साठ्यात. एवढी व्यवस्था शेतकऱ्यालाही परवडण्यासारखी आहे. आणि ज्यास काहीच जमत नाही त्याने निदान दहा छायाचित्रे फोटो स्टुडिओतून कागदावर छापून आणावीत.

या कामाला मुहूर्त हवा असेल तर तोही आपल्याकडे तयार आहे. दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी नव्या चोपड्यांची पूजा करतात, जुना हिशेब मिटवितात. पश्चिमेकडे ३१ मार्च हा दिवस बॅकअपसाठी पाळतात, तो आपल्या चैत्री पाडव्याच्या आसपासच येतो. त्या दिवशी घरातील सर्व फोन एका पाटावर आणावेत. प्रत घेतली आहे काय ते पाहावे. तिच्यातून एक चित्र, एक निरोप परत काढून पाहावा. जागा भरली असेल तर कचरा काढावा. किल्लीचा कागद जागेवर आहे की नाही हे घरातील दुसऱ्या माणसास दाखवावे. तासाभराचे काम आहे.

उद्याचा इतिहासकार आपल्या या गावाचा इतिहास कशावरून लिहील, याचा आम्ही पुष्कळदा विचार करतो. सरकारी कागद त्यास मिळतील. ते नेहमीच मिळत आले आहेत. परंतु येथील माणसे एकमेकांशी कसे बोलत, दुष्काळाच्या वर्षी घरात काय शिजे, लेकीला निरोप देताना बाप काय म्हणाला, हे त्यास कोठे सापडणार? ते आज तुमच्या खिशात आहे, आणि एकाच प्रतीत आहे. घरी गेल्यावर, श्रोतेहो, निजण्यापूर्वी त्यातील एखादी गोष्ट, जी गेली तर पुन्हा मिळणार नाही, तिची दुसरी प्रत करून दुसऱ्याच्या हाती द्या. बाकीचे उद्या पाहता येईल.